नरम वळलेला दोर

टेम्पोतून उतरताना आप्पांनी थोरल्या मुलाचा हात घेतला नाही. अंगात नवा कोट, पायात नवे बूट, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आणि तरी दुकानाच्या टेम्पोच्या मागच्या फळीवरून ते शिडी उतरावी तसे पाठमोरे उतरले. पुढची जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती. ती त्यांनी सुनेला दिली आणि स्वतः मागे, दोरांच्या वेटोळ्यांवर बसून आले. "मी जन्मभर मालाबरोबरच प्रवास केलाय," म्हणाले. थोरल्याने तोंड वाकडं केलं, पण सकाळी सकाळी वाद नको म्हणून गप्प बसला. या घरात सकाळी न झालेला वाद दुपारपर्यंत चांगला मुरतो, हे तो विसरला असावा.

ट्रामवाली नाक्यावर उभीच होती. आप्पांची ही धाकटी लेक लग्न होऊन शहरात आली, ट्राम चालवायला लागली, आणि तेव्हापासून चालतेही रुळांवरून चालल्यासारखी; कुणासाठी बाजूला होत नाही. आज क्रीडामहोत्सवाचा शेवटचा दिवस, मधल्या शहरात ट्राम बंद होत्या. त्यामुळे ती मोकळी होती आणि मोकळेपणाची सवय नसल्यामुळे जरा चिडलेली होती.

"कोट छान दिसतोय, आप्पा."

"टोचतोय."

"सन्मान घ्यायचा म्हणजे थोडं टोचायचंच."

सगळं शहर रस्त्यावर होतं. छातीवर आकडे लावलेली माणसं मध्येच कुठल्यातरी गल्लीतून धावत यायची, लोक दोन्ही बाजूंना व्हायचे, टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा रस्ता भरून टाकायचे. एका कोपऱ्यावर वजनं उचलणारे तीन आडदांड गडी आइस्क्रीम खात शहाण्या मुलांसारखे रांगेत बसले होते. ओल्या केसांच्या पोहणाऱ्या मुलींनी बंद ट्रामच्या खिडक्यांवर टॉवेल वाळत घातले होते. ते बघून ट्रामवालीच्या कपाळाला आठी पडली. आप्पा तरातरा पुढे चालत होते. मागे बहीण-भाऊ आणि त्यांच्या मधोमध डब्यांची पिशवी घेतलेली वहिनी.

"सांगितलंस का त्यांना?" ट्रामवालीने दबक्या आवाजात विचारलं.

"काय सांगायचं?"

"दादा, माझ्यापुढे भोळेपणाचं सोंग नको. दोर वळायची शेड बंद करायचं ठरवलंयस ते."

"महोत्सव समितीचे अध्यक्ष सांगतील. व्यासपीठावर, भाषणात. 'यंदाचा हा आप्पांचा शेवटचा दोर' म्हणून. टाळ्या होतील, मानचिन्ह मिळेल. टाळ्या चालू असताना माणूस नाही म्हणत नाही."

"आणि म्हटलं तर?"

"तर तू ये ट्राम सोडून, आणि वळ दोर. नायलॉनच्या जमान्यात वाखाचा दोर घेतंय कोण? वर्षातून एकदा ही रस्सीखेच, दोन-चार जुन्या होड्या, आणि तुझ्या आठवणी."

"वहिनी, तू तरी बोल की काहीतरी."

"पुढे बघून चाला, पायऱ्या आहेत," वहिनी म्हणाली.

थोरल्याच्या या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं. दोन्ही बाजूंनी ओढ लागली की ती अशीच पायऱ्या, पिशव्या, पाणी यांवर बोलायची. पण आज तिचं खरोखरच भावा-बहिणीकडे लक्ष नव्हतं. तिच्या उजव्या हाताला एक गोष्ट आठवत होती आणि महिना झाला तरी ती जात नव्हती.

दोर वळताना शेडच्या एका टोकाला चाक असतं, त्याला मूठ. तिथून तीन पेड ताणून दुसऱ्या टोकापर्यंत नेलेले. पेडांच्या मध्ये खाचा पाडलेलं एक लाकूड धरून एक माणूस हळूहळू चालतो आणि त्याच्या मागे तिन्ही पेड एकमेकांना मिठी घालून दोर होतात. लाकूड सावकाश गेलं की पीळ घट्ट बसतो. घाईने गेलं की दोर नरम, आणि मूठही हाताला हलकी लागते. लाकूड आप्पांकडे, मूठ वहिनीकडे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून हे असंच. आणि त्यातला एक नियम आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेला: मुठीवरच्याने बोलायचं नाही. लाकूड धरणाऱ्याला दोराचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी वहिनी शेडमध्ये शिरली की तोंड मिटायची, ते दोर उतरल्यावरच उघडायची.

यंदाचा दोर वळताना मूठ हलकी लागली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलकी. लाकूड पळत होतं. तिने मान वर करून आप्पांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वय झालं, दमले असतील, असं मनाशी म्हणून ती फिरवत राहिली. नंतर दरवर्षीसारखा दोर तुळईला अडकवून गड्यांकडून ताणून बघायची वेळ आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "यंदा राहू दे. माझा दोर मला ठाऊक आहे."

दुसराही एक नियम त्यांनी यंदा, हा दोर वळायच्या आधीच, मोडला होता, आणि तो सगळ्यांदेखत. या घरचा माणूस या घरच्या दोरावर ओढायला उभा राहत नाही. आप्पांच्या काकांनी वळलेला दोर असाच भर मैदानात तुटला, त्याचं टोक उलटं येऊन काकांच्याच मुलाचा डोळा गेला, तेव्हापासूनचा हा नियम. पण चिमणीने, म्हणजे थोरल्याच्या मुलीने, विचारलं, "आजोबा, बेकरीच्या संघातून ओढू का?" आणि आप्पा म्हणाले, "ओढ की."

चिमणी हे नाव ती जन्मली तेव्हाचं, मूठभर होती म्हणून. आता शहरातल्या मोठ्या बेकरीत पहाटेपासून कणकेचे ढीग मळून तिचे दंड असे झाले होते की संघाने तिला सगळ्यात शेवटच्या जागेवर, दोर काखेतून पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे आणणाऱ्या गड्याच्या जागेवर उभं केलं होतं. नाव मात्र तेच राहिलं.

*

मैदान म्हणजे बंदराजवळचा मोठा चौक. चारी बाजूंना खांब रोवून दोर बांधला होता आणि त्याला रेलून माणसंच माणसं. तो दोर बघून आप्पा थबकले, त्यांनी त्यावर हात फिरवला.

"आपला मागच्या वर्षीचा," ते म्हणाले. "कुंपणाला लावलाय."

"वाया तर नाही गेला," थोरला म्हणाला. त्याला चांगलंच बोलायचं होतं, पण आप्पांना ते झोंबलं. ते पुढे जाऊन व्यासपीठावरच्या आपल्या खुर्चीत ताठ बसले.

उपांत्य फेरी सुरू झाली. एका बाजूला बेकरीच्या बायका, समोर पोस्टातल्या. पंचाने हात खाली केला आणि चौक ओरडायला लागला. ट्रामवाली भाचीच्या नावाने घसा फोडत होती. थोरला तर, मुलीने टाच मातीत रोवली की स्वतःचीही टाच रोवत होता, आणि शेजारच्या गृहस्थाच्या पायावर दोनदा रोवली.

वहिनी दोराकडे बघत होती. सगळ्या चौकात तेवढी एकटीच. दोराच्या मध्यावर लाल फडकं बांधलेलं असतं, त्याची गाठ सुरुवातीला वर होती. ताण बसला तशी गाठ वळली, खाली गेली, पुन्हा वर आली. दोर उलटा फिरत होता. पीळ सुटत होता. ताण सैल झाल्यावर दोन पेडांच्या मधून पलीकडची माती दिसली, क्षणभरच, पण तिने ती पाहिली. पंचाने शिट्टी वाजवली, बेकरी जिंकली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली, डबा घरंगळत गेला, आणि तिने तो उचललाही नाही.

"अहो," तिने नवऱ्याची बाही धरली. "इकडे या. ताई, तूही ये."

*

थोरल्याला बायकोचा हा आवाज परिचयाचा नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली. ती रागावली की भांडी बोलायची, दुखलं की दार बोलायचं, पण असा सरळ आवाज त्याने ऐकला नव्हता. सरबताच्या गाडीमागे, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांपाशी तिने दोघांना उभं केलं आणि मुठीपासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं.

"तुझी खात्री आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"लांबून बघून?"

"मूठ लांब नव्हती. माझ्या हातात होती."

तेवढ्यात चिमणीच आली. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद, आणि हसू कानापर्यंत. तिने बापाच्या हातातला सरबताचा पेला काढून घेतला, एका घोटात रिकामा केला आणि दोन्ही पंजे पुढे केले.

"बाबा, हे बघा. साधे लालसुद्धा नाहीत. आजोबांचा दोर यंदा लोण्यासारखा आहे. पोस्टवाल्यासुद्धा म्हणत होत्या, हरायला मजा आली म्हणून. मी जाते, कपडे धुण्याच्या कारखान्याशी आहे अंतिम सामना. त्या बायका बघितल्यात का? ओल्या चादरी पिळून पिळून हात कसले झालेत एकेकीचे."

ती गेली. थोरला तिच्या पाठीकडे बघत राहिला. आप्पांच्या दोरावर ओढलेला हात सोललेला नाही, असं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. लहानपणी हीच चिमणी शेडमध्ये धावत्या दोराला धरायला गेली आणि तळहाताची सालटी निघाली. रडली नाही, तिच्या वाटचे आप्पा रडले, भिंतीकडे तोंड करून. हे सगळं त्याला एकदम आठवलं.

"त्यांनी मुद्दाम केलंय," तो म्हणाला. "पोरीचे हात वाचावेत म्हणून."

"हे बघा," ट्रामवाली घाईने म्हणाली, "आप्पांना काही सांगायचं नाही. आज नाही. मी समितीच्या कुणाला तरी गाठते. दोर ओला झालाय, घसरतोय, दुसरा घ्या, असं काहीतरी सांगते. माझ्या ट्रामचे ब्रेक लागत नसले तर मी आधी लोक उतरवते, कारण नंतर बघते."

"बरोबर आहे," थोरला म्हणाला. "गुपचूप बदलू. समारंभ होऊन जाऊ दे."

घरात बारशापासून भांडत आलेले हे बहीण-भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहिले, आणि दोघांनाही त्याचं जरा नवल वाटलं.

"नाही," वहिनी म्हणाली.

"अगं, त्यांच्या सन्मानाचा दिवस आहे."

"म्हणूनच. दोर त्यांचा आहे. ओला झाला म्हणून त्यांच्या दोरावर खोटा आळ घ्यायचा आणि त्यांनी खुर्चीत बसून तो ऐकायचा? दोर काय झालाय ते त्यांना सांगायचं. काढायचा की ठेवायचा ते त्यांनी बोलायचं."

"आणि ते ठेवा म्हणाले तर?" थोरल्याने विचारलं. "माझी पोर शेवटच्या जागेवर आहे. पाठीवर दोर घेऊन."

"माझीपण आहे ती," वहिनी म्हणाली. "ठेवा म्हणाले तर मी जाऊन दोरावर बसेन. मग ओढा म्हणावं."

ट्रामवालीने भावाकडे पाहिलं. "दादा, ही बसेल."

"मला माहीत आहे," थोरला म्हणाला, आणि बाजूला झाला.

*

व्यासपीठावर आप्पांना कोट अजून टोचत होता. शेजारी समितीचे अध्यक्ष भाषणाचा सराव ओठांतल्या ओठांत करत होते. समोर बँड वाजत होता, मुलं फुगे सोडत होती, आणि आप्पांना या सगळ्यातलं काही नको होतं. त्यांना फक्त अंतिम सामना बघायचा होता. मघाशी चिमणीने पाठीवर दोर घेतला तेव्हा त्यांच्या छातीत असं काही भरून आलं होतं की दुसरं काही दिसलंच नाही. अख्खं आयुष्य ज्यांनी ओढलं ते परके. आज त्या दोराला घरचं माणूस लागलं होतं.

सून पायऱ्या चढून वर आली तेव्हा त्यांना वाटलं, डबा घेऊन आली.

"भूक नाही," ते म्हणाले.

"आप्पा, मूठ हलकी लागली होती."

त्यांनी बँडकडे तोंड फिरवलं. ती तिथेच उभी राहिली.

"हा दोर वळला तेव्हा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मुठीवरच्याने—"

"बोलायचं नाही. ठाऊक आहे. आता मी मुठीवर नाही."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. पदर खोचलेला, घामाने कपाळ चमकतंय, आणि नजर खाली नाही. हिला एवढी वर्षं आपण चाकाच्या पलीकडे, लांब टोकाला पाहत आलो, हे त्यांच्या लक्षात आलं. इतक्या जवळून क्वचितच.

"थोडा नरम केला," ते हळू आवाजात म्हणाले. "थोडाच. नरम म्हणजे कच्चा नव्हे. वाख चांगला आहे. तुटायचा नाही."

"फडकं फिरत होतं. पेड उघडतायत."

"मला नाही दिसलं."

"तुम्ही चिमणीकडे बघत होतात."

आप्पा काही शब्दाला मागे हटणारे नव्हते. पण जन्मात पहिल्यांदा स्वतःचा दोर मैदानात असताना त्यांनी दोराकडे पाहिलं नव्हतं, ही गोष्ट खरी होती.

"चला," वहिनी म्हणाली. "हात लावून बघा. पीळ उलटा करून अंगठा घाला. आत गेला नाही, तर मी तुमच्या पाया पडेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आप्पासाहेब, अजून वेळ आहे तुमच्या सत्काराला," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचं चालू द्या," आप्पा म्हणाले आणि उठले. पायऱ्या उतरताना त्यांनी सुनेचा हात घेतला.

दोर मैदानात आडवा पडला होता. आप्पा चिमणीच्या बाजूच्या टोकाशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. नव्या पँटची पर्वा न करता सरळ मातीत. दोन्ही हातांनी दोर धरून त्यांनी पीळ उलटा फिरवला. घट्ट दोर असा फिरतच नाही. माणसाचं मनगट फिरतं. हा फिरला. पेड सुटे झाले आणि अंगठा आत गेला. मुळापर्यंत गेला. थोडं पुढे सरकल्यावर त्यांना एका पेडाचे वाख तुटून उभे राहिलेले लागले, मांजराने अंग फुलवल्यासारखे. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिले.

त्यांना राग आला. वाखाचा नाही, सुनेचा नाही. दोर सगळ्यांना सारखाच वळायचा असतो, हे ज्याने चार माणसांना शिकवलं त्या माणसाचा, म्हणजे स्वतःचा.

त्यांनी कोटाच्या खिशातून सुरी काढली. ती कायम खिशात असायची, सन्मानाच्या कोटातसुद्धा.

"अहो, काय करताय?" पंच धावत आला. "अंतिम सामना आहे."

"म्हणून तर," आप्पा म्हणाले.

जाड दोर एका झटक्यात कापला जात नाही. एक पेड, दुसरा पेड, मग तिसरा. तोवर बँड थांबला होता आणि कुंपणाला रेललेली माणसं गप्प झाली होती. आप्पा उठून उभे राहिले. कुणीतरी माइक पुढे केला, तो त्यांनी हाताने दूर सारला. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक मारणाऱ्याला त्याची गरज नव्हती.

"हा दोर मी नरम वळला. माझी नात ओढणार होती म्हणून. तो तुटला असता. चूक माझी आहे."

एवढंच बोलले. चौकात कुजबूज उठली. चिमणी आपल्या संघातून तरातरा पुढे आली, आणि तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं.

"मी मागितला होता का तुमच्याकडे नरम दोर?"

"नाही."

"आता सगळे म्हणणार, हिच्या आजोबांनी हिच्यासाठी दोर मऊ केला. बेकरी जिंकली ती त्याच्यामुळे."

"म्हणतील," आप्पा म्हणाले. "खरं आहे ते."

"आमच्याही हातात तोच दोर असता, पोरी," कपडे धुण्याच्या कारखान्यातली म्होरकी मध्येच म्हणाली. ठेंगणी, रुंद बाई, बाह्या वर केलेल्या. "आजोबांवर नंतर ओरड. आधी दोर आणा कुणीतरी. आम्ही जेवून आलोय, सुस्ती यायच्या आत ओढू."

पंच गोंधळला. दुसरा दोर नव्हता. थोरल्याच्या टेम्पोत नायलॉनचा होता. तो हातातून कसा सटकतो आणि ताणून तुटला की कसा उलटा येतो, हे थोरल्याला दुकानात बसून चांगलं ठाऊक होतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने मैदानाच्या कडेला बोट दाखवलं.

"तो सोडा. कुंपणाचा."

माणसं मागे हटली, खांबांवरच्या गाठी सुटल्या, मागच्या वर्षीचा दोर मैदानात आडवा आला. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी हात मागे बांधले.

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "आज माझा हात खरा नाही. ती बघेल. ती चालेल म्हणाली तर चालेल."

वहिनी एका टोकाशी बसली. मुठीमुठीने दोर हातातून जाऊ दिला, वळवून पाहिला, पीळ उलटा करायचा प्रयत्न केला, पेडांत अंगठा रोवून पाहिला, पुढे सरकली. एक जागा तिला पटली नाही. तिथे ती वाकून, दोर नाकाशी धरून थांबली, आणि अख्खा चौक थांबला. अध्यक्ष, पंच, बँडवाले, दोन्ही संघ. थोरला कुंपणाच्या रिकाम्या खांबापाशी उभा राहून बघत होता. घरी कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बायको शेडमध्ये थोडी मदत करते." आज त्याला त्या वाक्याची लाज वाटली. आप्पांनी दोर वळणं सोडलं तरी घरात एक दोर वळणारं माणूस आहे, आणि ते आपल्याच घरात जेवायला वाढतं, हे त्याला भर गर्दीत उमगलं.

तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला.

"अध्यक्षसाहेब, भाषणातलं एक वाक्य राहू द्या."

"कुठलं?"

"शेवटच्या दोराचं."

खाली वहिनी दुसऱ्या टोकाशी पोचली होती. ती उठली, हात झटकले.

"चालेल," ती म्हणाली.

*

बेकरी हरली. बराच वेळ कुणीच हललं नाही, मग फडकं बोटबोटभर कपडेवाल्यांकडे सरकत गेलं, आणि चिमणी टाचा रोवलेल्या अवस्थेतच रेषेपलीकडे ओढली गेली. पडली नाही. शिट्टी वाजल्यावर तिने पाठीवरचा दोर काढला आणि सरळ आजोबांकडे आली. पंजे पुढे केले. दोन्ही तळवे सोलून निघाले होते, अंगठ्याखाली रक्त आलं होतं.

"असे हवेत," ती म्हणाली. राग अजून गेला नव्हता, पण आवाज जरा खाली आला होता. "पुढच्या वर्षी लक्षात ठेवा."

आप्पांनी ते हात आपल्या हातात घेतले. यावेळी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. फिरवायला भिंतही नव्हती. सगळ्यांसमोर त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. ट्रामवालीने आपला रुमाल फाडून भाचीच्या तळव्यांना बांधला आणि दोघांनाही उगीच दटावलं.

मानचिन्ह मिळालं. अध्यक्षांचं भाषण मध्येच एका ठिकाणी अडखळलं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी ते मानचिन्ह घेतलं आणि खाली उतरल्यावर कोटासकट थोरल्याच्या हातात दिलं.

ऊन उतरायच्या आत परत निघायचं होतं. नाक्यावर ट्रामवाली टेम्पोची खिडकी धरून उभी राहिली.

"मग, बंद ना शेड?" तिने भावाला मुद्दामच विचारलं.

"गाडी काढू दे मला," थोरला म्हणाला. "ट्राम सुरू झाल्या, तुझा रस्ता बघ."

आप्पा पुन्हा मागेच चढले. वहिनी पुढच्या जागेशी गेली, दार उघडलं, मिटलं, आणि मागे येऊन फळीला हात घातला. आप्पांनी तिला वर ओढून घेतलं. कापलेल्या दोराची दोन वेटोळी तिथेच पडली होती. एकावर ते बसले, दुसऱ्यावर ती. टेम्पो शहराबाहेर पडला. पताका मागे पडल्या, बँडचा आवाज मागे पडला. आप्पा दोराच्या कापलेल्या टोकातले वाख बोटांनी विंचरत होते.

"महिनाभर तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"वाटलं, दमला असाल. आणि नियम होता."

आप्पांनी मान हलवली. आपल्या बापाचा नियम, आपणच जपलेला. तो मोडायला त्यांना थोडा वेळ लागला.

"उद्या सकाळी वाख भिजत घाल," ते शेवटी म्हणाले. "याच्या बदली त्यांना नवा दोर द्यायला हवा. लाकूड तू धर. मूठ मी फिरवतो."

वहिनीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, उजवा तळवा उघडून पाहिला, मिटला.

"धरते," ती म्हणाली. "पण मूठ हलकी लागली, तर बोलायचं."